मापाची अवजारं

४ नोव्हेंबर

आत्या,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. ज्या माणसाला आपण कधी पाहिलेलं नाही त्याला 'तीर्थरूप' म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नुसतं 'आत्या' म्हटलं तर लाडात आल्यासारखं वाटतं. शेवटी लाडात आले. मी तुमच्या दादाची मुलगी. जुलैत बाबा गेल्याचं कळवलं होतं आणि तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं, तीच.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आपलं कोठार पाडायचं ठरलंय. छप्पर एका बाजूने बसलंय, जानेवारीअखेर गवंडी येणार. ते रिकामं करताना वैरणीच्या मागे एक पेटी सापडली. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेली सहा अवजारं. स्वच्छ, गंज नाही, आणि वापरल्याची खूणही नाही. काही ओळखीची वाटतात पण हातात घेतली की अनोळखी होतात. दोघातिघांना दाखवली. शेजारचे दूधवाले आजोबा बघून गप्प बसले. लोहार हल्ली फक्त फाटकं जोडून देतो, त्याला विळा आणि विळी यातला फरक मलाच सांगावा लागला.

एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घ्यायला तयार आहे. हॉटेलांच्या भिंतींवर टांगायला असली अवजारं नेतात म्हणे. पण त्याला प्रत्येकाचं नाव आणि उपयोग लिहून हवा. ते सांगू शकेल असं माणूस आता तुम्हीच उरलात.

मी शिंपीणकाम करते. त्यामुळे बेतायच्या खाकी कागदावर सहाही अवजारं ठेवून पेन्सिलीने कडेकडेने गिरवली, नंबर घातले आणि ते कागद सोबत घडी करून पाठवलेत. माझी काळजी करू नका, माझ्याकडे माणसांची ये-जा असते, घर भरलेलं असतं.

तुमच्या दादाची मुलगी

१९ नोव्हेंबर

शिंपीणबाई,

तुझे कागद पोचले. पोस्टमनला वाटलं मी नकाशे मागवते. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि टेबल एकच आहे, तेव्हा तुझी अवजारं मी पलंगावर अंथरून बघितली.

नंबर एक विळा. शेतकऱ्याच्या नातीला विळा ओळखता येऊ नये! नंबर दोन खुरपं. तीन कोयता, आखूड आहे, झुडपं तोडायचा. पाच दाताळं, पालापाचोळा ओढायचं. सहा बेचकं, वैरण उचलायचं. त्यांच्या दांड्यांना मध्ये जी कडी आहे ती भिंतीला अडकवायची असेल. नंबर चार, ती चामड्याची वाटी आणि पट्टा, म्हणजे वासराची मुसकी. वासराने आईला पिऊ नये म्हणून तोंडाला बांधतात.

झालं. व्यापाऱ्याला लिहून दे आणि मोकळी हो. तुझ्या बापाला काही टाकवत नसे, लहानपणी तुटलेल्या पाटीचे तुकडेसुद्धा त्याने जपून ठेवले होते. सगळं ठेवण्यासारखं नसतं.

मी चौतीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत काढली. लोकांच्या तारा एकमेकांना जोडून दिल्या, आता निवृत्त आहे आणि माझा स्वतःचा फोन वाजला तर चुकीचाच नंबर असतो. मी बरी आहे. अक्षर वाकडं आहे त्याकडे लक्ष देऊ नकोस.

कुट्टीचं यंत्र, वैरण बारीक कापायचं, ते अजून कोठारात आहे का? सहज विचारते.

आत्या

२ डिसेंबर

आत्या,

'शेतकऱ्याच्या नातीला' हे वाक्य मला लागलं, म्हणून रविवारी नंबर एकचा विळा घेऊन कोठारामागच्या गवतात उतरले. अर्ध्या तासात एक मूठ गवत कापलं गेलं नाही. गवत नुसतं वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं, मला वाकुल्या दाखवल्यासारखं. पातं तर धारदार होतं. मग बघितलं, धार उलट्या बाजूने लावलेली.

आमच्या दुकानात पूर्वी एक कापणारी बाई होती, डावखुरी. तिला माझी कात्री चालायची नाही, मला तिची. ती आठवली. विळा डाव्या हातात घेतला आणि गवत लोण्यासारखं कापलं गेलं. माझी अक्कल बघा, मी कागदावर गिरवताना अवजारं हवी तशी उलटसुलट ठेवली होती. कागदावर डावं-उजवं राहिलंच नाही. तुमचा काय दोष?

मग एकेक नीट पाहिलं. खुरप्याची मूठ डाव्या हातासाठी वळवलेली. कोयता तसाच. दाताळ्याच्या आणि बेचक्याच्या दांड्यावरची कडी भिंतीला अडकवायची नाही, आत चामडं लावलंय. ती उजव्या हाताने धरायची. पण माझा हात तिच्यात जात नाही. अंगठा एका बाजूने जातो, करंगळी दुसऱ्या बाजूने, आणि मधली तीन बोटं अडतात. त्यांना जागाच ठेवलेली नाही. नंबर चारच्या वाटीतही तेच. ती मुसकी नाही आत्या. वासराला अंगठा नसतो.

मी अठरा वर्षं मापं घेते. बाजारातला तयार कपडा आणि बेतून शिवलेला कपडा मला डोळे मिटून ओळखता येतो. ही अवजारं बेतलेली आहेत. एकाच माणसाच्या मापाची. आणि प्रत्येक मुठीखाली साल कोरलंय. सर्वांत जुनं एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं, सर्वांत नवं गेल्याच्या गेल्या वर्षीचं. कोरलेलं अक्षर बाबांचं आहे.

बाबा डावखुरे नव्हते. आई नव्हती. मी नाही. मग ते चाळीस वर्षं कुणासाठी करत बसले होते?

मला त्यांनी कोठारात कधी पाऊल टाकू दिलं नाही. सात वर्षांची असताना दार ढकललं होतं, तेव्हा त्यांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच. मारून स्वतःच पायरीवर बसून राहिले. मला तेव्हापासून वाटायचं की मी त्यांना फारशी आवडत नाही, त्यांचं जे काही आहे ते आत आहे. आता आत गेले तर हे निघालं, आणि हेही दुसऱ्याच कुणाचं.

यंत्र नाही. फरशीत चार खिळे उरलेत, त्यावर काहीतरी उभं असणार.

तुमच्या दादाची मुलगी

३० डिसेंबर

आत्या,

तुमचं उत्तर आलं नाही आणि का आलं नाही ते मला परवा कळलं.

दूधवाले आजोबा सकाळी फाटकाशी उभे होते. व्यापाऱ्याची गाडी येऊन गेली हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, "पोरी, त्या वस्तू विकू नकोस. त्या तुझ्या आत्याच्या आहेत." मग सगळं सांगितलं. तुम्ही एकोणीस वर्षांच्या होता. तुम्ही यंत्रात वैरण लावत होता आणि बाबांनी न विचारता चाक फिरवलं, तुमच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. गावाला सगळं ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. यंत्र बाबांनी नंतर घणाने फोडलं म्हणे, तीन दिवस फोडत होते.

मला काय लिहावं सुचत नाही. ज्या माणसामुळे तुमचा हात गेला त्याची मुलगी उठून तुम्हालाच विचारते की ही कसली अवजारं, आणि वर तुम्हाला वासराच्या अंगठ्यावरून शहाणपण शिकवते. तुम्ही त्या कागदांकडे कसं बघितलं असेल? मला लाज वाटते. बाबांनी तुमचं आयुष्य उधळलं आणि आयुष्यभर तोंड उघडलं नाही. त्यांच्या वतीने मी माफी मागते. त्यांना मागता आली नसेल तर निदान माझी तरी घ्या.

व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलंय. तुम्ही सांगाल ते करीन.

तुमच्या दादाची मुलगी

११ जानेवारी

मुली,

तुझी माफी मी तीन दिवस उशाशी ठेवली. पचली नाही. म्हणून लिहिते, आणि एका बैठकीत लिहिते, नाहीतर पुन्हा राहील.

दादाची चूक नव्हती.

वैरण मी लावायचे, चाक तो फिरवायचा. आमचा एक नियम होता, त्यानेच केलेला. मी "फिरव" म्हणायचं, मगच चाक हलायचं. तो चाकाच्या मागे असायचा, त्याला माझे हात दिसत नसत, त्याला फक्त माझा आवाज होता. त्या दिवशी मी आमच्या शाळेतल्या एका बाईंची नक्कल करत होते. दादाला हसायला येत नसे, आणि त्याला हसवणं हा माझा धंदाच होता. मला घरात भिंगरी म्हणत, एका जागी ठरत नसे म्हणून. मी मागे वळून, मान वाकडी करून, बाईंच्या आवाजात म्हटलं, "फिरव!" हात आत होता. त्याने फिरवलं. तो हसत होता, मुली. फिरवताना तो हसत होता, आणि मला ते हसू अजून ऐकू येतं.

मी शुद्धीवर आले तोवर त्याचं सांगून झालं होतं. "मी न विचारता फिरवलं." आमच्या वडिलांचा हात फार चालायचा, मला मार पडू नये म्हणून त्याने तसं सांगितलं असणार. मी दुसऱ्या दिवशी खरं सांगू शकले असते. आठवड्याने सांगू शकले असते. पण वडिलांनी त्याच आठवड्यात ठरवलं, हिला आता शेतातलं जमणार नाही, शहरात मावशीकडे पाठवू आणि शिकवू. मला तेच हवं होतं. हात जायच्या आधीपासून तेच हवं होतं. खरं सांगितलं तर म्हणतील, तुझीच चूक, बस घरात. म्हणून गप्प राहिले. एकदा गप्प राहिलं की पुढे फार सोपं जातं, हे मी तुला अनुभवाने सांगते.

त्याने मला सहा पत्रं लिहिली. एक्केचाळीस वर्षांत सहा. प्रत्येकात एकच ओळ. "एक वस्तू केली आहे, बसते का बघायला ये." मी एकाचंही उत्तर दिलं नाही. मला वाटायचं त्याला माझ्या तोंडून ते वाक्य ऐकायचंय, आणि ते मला म्हणवत नव्हतं. वस्तू कसली हे मी विचारलंसुद्धा नाही.

तुझं पहिलं पत्र वाचताच मला कळलं. चौथ्या आकृतीवर मी माझा हात ठेवला. बरोबर बसला. मग मी पेन उचललं आणि मुसकी म्हणून लिहिलं.

तुझ्या बापाने कुणाचं आयुष्य उधळलं नाही. मी उधळलं, त्याचं. आता तुला कळलं. तुला काय करायचं ते कर.

आत्या

३ मार्च

आत्या,

सात आठवडे लिहिलं नाही. दोनदा लिहून फाडलं. एकदा तर पाकिटावर पत्ता घालून पोस्टाच्या दारातून परत आले.

तुला ठाऊक आहे का, बाबा माझी बोटं मोजायचे? रोज संध्याकाळी, दिवा लावला की मला जवळ बोलवायचे, दोन्ही हात पुढे करायला लावायचे आणि मोजायचे. मला वाटायचं खेळ आहे. मीही मोजायचे त्यांच्याबरोबर. मोठी झाल्यावर कंटाळा यायचा, तरी ते बघायचेच, नुसत्या नजरेने. स्वयंपाकघरात सुरी घेतली की उठून बाहेर जायचे. मी शिलाईचं मशीन आणलं तेव्हा महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. चाकावर हात ठेवला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मी समजायचे की माझं कामच त्यांना आवडत नाही, मीच आवडत नाही. म्हणून मी गावात दुकानामागे खोली घेतली आणि दहा वर्षं तिथेच राहिले. ते इथे एकटे. मी रविवारी इथे जेवायला यायचे आणि दोघांमध्ये मीठसुद्धा न बोलता सरकायचं.

तुझं एक वाक्य हवं होतं. "मी म्हटलं होतं फिरव." इतकंच. त्यांना ठाऊकच होतं तू म्हणालीस ते, पण चाळीस वर्षं सगळं गाव उलटं सांगत राहिलं तर माणसाला स्वतःचंही खरं वाटत नाही. तू ते वाक्य म्हटलं असतंस तर मला बाप मिळाला असता. मी तुझ्यावर इतकी चिडलेय की शिवताना तीनदा सुई बोटात गेली.

माफी माझ्याकडे मागू नकोस. तू मागितली नाहीस, ते बरं केलंस. जी त्यांची होती ती मी कुठून देणार?

पण वस्तू तुझ्या आहेत. त्या मी विकणार नाही, पाडलेल्या कोठाराखाली पुरणारही नाही. गवंड्याला जानेवारीपासून थांबवलंय, आणखी महिनाभर थांबेल. येऊन घेऊन जा. पंधरा तारखेपासून आठवडाभर मी दुकानातच राहीन. मला तुला बघायचं नाही. किल्ली दूधवाल्या आजोबांकडे आहे.

मी

१८ मार्च

मुली,

हे पत्र तुझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते. टपालाने नाही, आजोबा दूध घेऊन गावात येतात त्यांच्या हाती पाठवते.

पंधराला आले. आजोबांनी मला ओळखलं नाही, मी उजवा हात दाखवल्यावर ओळखलं. मी पिशवी खाली न ठेवता, तिथेच, त्यांच्याकडे दूध घ्यायला आलेल्या चार माणसांसमोर म्हटलं, "दादाने न विचारता फिरवलं नव्हतं. मी म्हटलं होतं फिरव." एक बाई म्हणाली, "आता काय त्याचं?" मी म्हटलं, आताच. मग मी शिवणाच्या दोऱ्याच्या दुकानात गेले, लोहाराकडे गेले, आणि तिथेही सांगितलं. लोहाराला वाटलं मला फाटक जोडून हवंय. त्याला दोनदा सांगितलं. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ऐकलं ते बहुतेक गेले, पण जे आहेत त्यांना आता ठाऊक झालं. फार उशीर झाला, तो मी कुठे नेऊन ठेवू?

तुझं घर मी पाहिलं. माणसांनी भरलेलं असतं म्हणालीस ना? फडताळात एक ताट आहे, एक वाटी आहे, एक कप आहे. दाराशी एक चप्पल-जोड. माझ्या खोलीत अगदी असंच आहे, म्हणून मला दोनदा बघावं लागलं नाही. आपण दोघी एकमेकींशी खोटं बोलत होतो, माझं मोठं होतं एवढंच.

कोठारात पहिल्या दिवशी जाववलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले. पेटी उघडली आणि सहाही अवजारं सालांप्रमाणे जमिनीवर ओळीने मांडली, तू मांडली नव्हतीस वाटतं. चामड्याची वाटी सर्वांत पहिली, आणि ती एकोणीस वर्षांच्या हाताची आहे. तुझ्या आकृतीवर मी हात ठेवला होता खरा, पण तू बाहेरून गिरवलं होतंस. आत हात घातला तर शिरेना. मग बेचकं, त्याची कडी थोडी रुंद. मग दाताळं, आणखी रुंद. विळा, खुरपं, कोयता यांच्या मुठीही तशाच फुगत गेलेल्या. विळा सर्वांत शेवटचा, त्याची मूठ चांगली जाड, वर मऊ कापड गुंडाळलेलं, सांधे दुखणाऱ्या माणसाला करतात तसं. माझे सांधे दुखतात. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी गेल्यानंतर त्याने मला पाहिलं नाही एकदाही, पण मनातल्या मनात वर्षावर्षाने माझा हात मोठा करत गेला, म्हातारा करत गेला. तू शिंपीण आहेस, तुला समजेल. माणूस समोर नसताना माप घेणं किती कठीण असतं.

मी तिथे जमिनीवर बसून रडले. इतकी रडले की आजोबांचा कुत्रा येऊन बघून गेला.

मग तो विळा घेतला आणि कोठारामागचं गवत कापलं. एक पट्टा, भिंतीपासून फाटकापर्यंत. वेळ लागला, पण बसला मुली. छान बसला. त्याच्या सहाही पत्रांचं उत्तर एवढंच होतं आणि ते द्यायला तो नाही.

अवजारं पिशवीत भरलीत. तू घेऊन जा म्हणालीस, उद्या सकाळच्या गाडीने घेऊन जाते. तू बघायचं नाही म्हणालीस तेही मी मानते, तुझा हक्क आहे. पण आयुष्यात एकदा जे विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही, म्हणून आता विचारून टाकते, नाही म्हणालीस तरी चालेल. तुझा आठवडा रविवारी संपतो, तेव्हा तू परत येणार. तोवर मी थांबू का?

आत्या

१८ मार्च, दुपार

आत्या,

थांब. रविवारी नाही, दुकान बंद करून आजच येते. रागातच येतेय, पण येतेय.